मध्ययुगीन कोर्टांचा शनिवारचा वर्ग, एका नाझराच्या नजरेतून

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात नाझर म्हणून, म्हणजे बेलिफांकडून समन्स-नोटिसा बजावून घेण्याच्या कामावर, नोकरी झाली, त्यामुळे टिळक रस्त्यावरच्या ‘मध्ययुगीन युरोपातील न्यायदान’ या वर्गाचा फलक दिसला तेव्हा लगेच नाव घातलं. फी १५०० रुपये, चहा धरून. धास्ती एकच होती, सगळा वेळ छळाची यंत्रं दाखवण्यात जाईल. तसं काही झालं नाही. बाईंनी सुरुवातच अशी केली: निकालाचं नंतर बघू, आधी माणूस कोर्टापुढे आणायचा कोणी?

इंग्लंडचा भाग झकास. राजाच्या नावाचा हुकूम शेरीफकडे, म्हणजे राजाच्या जिल्हा अधिकाऱ्याकडे, यायचा, तो बजावून शेरीफने अहवाल परत पाठवायचा. ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा तेव्हाही मारत, हे कळल्यावर शेजारी बसलेले निवृत्त बेलिफ इतके हसले की बाईंना थांबावं लागलं.

गैरहजर राहण्याची कारणंसुद्धा नेमलेली होती. जमिनीच्या दाव्यात ‘अंथरुणाला खिळलोय’ असं कळवलं, की कोर्ट चार नाईट, म्हणजे सरदार, घरी धाडायचं, खरंच आजारी आहे का ते बघायला. आजार खरा निघाला तर वर्ष आणि एक दिवस मुदत! आपल्याकडे डॉक्टरचा दाखला जोडला की पुढची तारीख. घरी कोण बघायला जातंय?

फौजदारीतला आरोपी आलाच नाही, तर कौंटी म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टात, दर बैठकीला त्याच्या नावाचा पुकारा. पाचव्या बैठकीलाही हजर नाही, तर तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर, आणि त्याची चीजवस्तू जप्त. एवढं कडक का, तर पगारी पोलीस नव्हते. गुन्हा घडला की आरोळी ठोकायची आणि आसपासच्यांनी मागे धावायचं. धावले नाहीत तर गावालाच दंड. म्हणजे सरकारचा भत्ताही वाचला.

इटलीतल्या शहरांचा पोदेस्ता तर मला फारच आवडला. हा मुख्य अधिकारी मुद्दाम परगावचा आणायचा, म्हणजे स्थानिक घराण्यांच्या भांडणात अडकणार नाही. मुदत ठरलेली, सहा महिने किंवा वर्ष. मुदत संपली की त्याच्या कारभाराची चौकशी, आणि ती उरकेपर्यंत गाव सोडायचं नाही. आमच्याकडे बदलीचा हुकूम आला की साहेब दुसऱ्या दिवशी गाडीत.

तक्रार आहे ती १२१५ सालाबद्दल. रोममधल्या लॅटरनच्या चर्च-परिषदेने पाद्र्यांना ‘दिव्य’, म्हणजे खरं-खोटं देवावर सोडायच्या परीक्षेचे, विधी करायला मनाई केली. तापलेलं लोखंड हातात देणं, पाण्यात सोडणं, सगळ्याचा आधारच गेला. मग इंग्लंड ज्यूरीकडे वळलं. इटली-फ्रान्सकडे न्यायाधीशाने स्वतः चौकशी करायची आणि कबुलीजबाब मिळवायचा, ही पद्धत बळावली. आपल्या जुन्या कागदांत रवादिव्य (उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायची परीक्षा) वाचलेल्यांना इथे विचारायला कितीतरी होतं. पण तोवर घड्याळ पुढे गेलेलं, आणि बाईंनी एवढा मोठा सांधा पंधरा मिनिटांत उरकला. त्याऐवजी मॅग्ना कार्टाची प्रस्तावना आखडली असती तरी चाललं असतं. ते शाळेतच झालंय.

टिपणांच्या झेरॉक्स फिक्या, डोळे फुटतात. चहा पाणचट. पाचपैकी चार तारे, एक तारा १२१५ चा कापलाय. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.