सर्व्हर स्वतःच्या हाताने पाडायचा: केडंपसोबतचे आठ महिने

सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि आम्ही, नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं, त्यानंतर कधीतरी सगळे सर्व्हर अल्मालिनक्स ९ वर आणायला घेतले. पुण्यातली छोटी कंपनी, एकूण सात यंत्रं. त्यातली चार खरी, तीन आभासी. इन्स्टॉल करताना ॲनाकोंडा या इन्स्टॉलरच्या पडद्यावर 'केडंप' नावाचा एक चौकोन असतो. आत टिक आधीच केलेली असते. मी गेली दहा वर्षं तो उघडून 'डन' म्हणत आलोय. जुन्या सर्व्हरवरही केडंप 'चालू' होतं. मग एकदा त्यातला एक रात्री कोसळला, सकाळी मोठ्या आशेने /व्हार/क्रॅश (डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, ठेवायचं फोल्डर) उघडलं, तर आत ठणठणाट. त्या दिवशी ठरवलं की पुढचा सर्व्हर कामाला लावण्याआधी मी स्वतः पाडून बघणार.

केडंप म्हणजे काय ते थोडक्यात. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पॅनिक झाला (सावरता न येण्यासारखा कोसळला) की त्याच्यावर कसलाच भरवसा उरत नाही, डिस्कवर काही लिहायचं काम तर त्याला सांगूच नये. म्हणून बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला काढून तिच्यात दुसरा कर्नल बसवून ठेवतात. घरमालक बेशुद्ध पडलाच तर पंचनामा करायला ओसरीवर आधीच बसवलेला शेजारी म्हणा ना. पॅनिक झाला की केएक्झेक ही यंत्रणा थेट त्या दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारते, मध्ये बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) येत नाही, त्यामुळे जुनी मेमरी जशीच्या तशी राहते. ती /प्रोक/व्हीएमकोअर म्हणून दिसते आणि मेकडंपफाइल हे टूल तिच्यातलं कामाचं तेवढं उचलून डिस्कवर ठेवतं. लिनक्समध्ये ही सोय २.६.१३ पासून, म्हणजे २००५ पासून आहे. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजीत.)

बाजूला किती मेमरी काढायची हे 'क्रॅशकर्नल' या बूट पॅरामीटरवरून ठरतं. पूर्वी तिथे 'ऑटो' असायचं. अल्मालिनक्स ९ मध्ये ते गेलं आणि त्याजागी उघड कोष्टक आलं: १ ते ४ जीबी रॅम असेल तर १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६, त्यावर ५१२. मला हे आवडलं. निदान काय दिलंय ते दिसतं तरी.

पहिली चाचणी आभासी यंत्रावर, कारण ते बिघडलं तरी कुणी रडणार नव्हतं. सिस्टमसीटीएल या सेवा सांभाळणाऱ्या कमांडला केडंपची अवस्था विचारली तर 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' असं उत्तर येतं. आमचा नवीन मुलगा ते बघून घाबरला, "सर, हे बंद पडलंय." बंद नाही रे. ही सेवा दुसरा कर्नल मेमरीत चढवते आणि आपलं काम झालं म्हणून निघून जाते. खरी खूण /सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड या फाइलमध्ये असते. तिथे १ दिसला तर कर्नल चढलेला आहे, ० दिसला तर तुम्ही देवाच्या भरवशावर आहात.

मग डेटाबेस थांबवला, बाकीच्या सेवा थांबवल्या, 'सिंक' तीनदा मारला (राहिलेलं सगळं डिस्कवर लिहून टाकायची कमांड; एकदा पुरतो, पण हाताला सवय आहे) आणि 'इको सी' हे /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये ढकललं. सिसआरक्यू म्हणजे कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय, आणि 'सी' म्हणजे मुद्दाम कोसळ. याआधी कर्नलच्या सिसआरक्यू सेटिंगमध्ये १ लिहा असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. ते लागत नाही. ते सेटिंग कीबोर्डवरून मारलेल्या सिसआरक्यूसाठी आहे, रूटने ट्रिगर फाइलमध्ये लिहिलेलं तसंही चालतं. एसएसएचची (दुरून केलेल्या लॉगिनची) खिडकी जागच्या जागी गोठते, ना प्रॉम्प्ट ना निरोप. एंटर दाबण्याआधी खिडकीवरचं होस्टनेम वाचायचं, मोठ्याने वाचायचं. हे मी गमतीत सांगत नाहीये.

यंत्र परत उठलं तेव्हा /व्हार/क्रॅशमध्ये '१२७.०.०.१' ने सुरू होणारं, पुढे तारीख-वेळ असलेलं फोल्डर होतं. आत व्हीएमकोअर, शिवाय व्हीएमकोअर-डीमेसेज नावाची साधी मजकुराची फाइल. तिच्या शेवटाकडे 'सिसआरक्यू ट्रिगर्ड क्रॅश' अशी ओळ. तिन्ही आभासी यंत्रं पास झाली आणि मी चहाला गेलो.

खऱ्या यंत्रावर मात्र पहिल्याच झटक्यात तोंडावर पडलो. ३२ जीबी रॅम, म्हणजे कोष्टकाप्रमाणे २५६ एमबी राखीव. पाडलं, यंत्र उठलं, फोल्डर रिकामं. लॉगमध्येही काही नाही, कारण जे काही बिनसलं ते दुसऱ्या कर्नलमध्ये आणि त्याचा लॉग कुठेच उतरला नव्हता. केडंपच्या बाबतीत माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. नापास होताना ते चकार शब्द काढत नाही. दुसऱ्या कर्नलला 'पॅनिक=१०' दिलेलं असतं, त्यामुळे तो स्वतः कोसळला की दहा सेकंदांत यंत्र रीबूट होतं आणि पुरावा संपतो. शेवटी बीएमसीवरून (सर्व्हरवर बाहेरून नजर ठेवणारा, बोर्डावरचाच वेगळा छोटा संगणक) सीरियल कन्सोल लावला, पुन्हा पाडलं आणि डोळे लावून बसलो. दुसरा कर्नल उठला, रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर चढला, नेटवर्क कार्डाचा चढला, आणि पाठोपाठ 'आउट ऑफ मेमरी'. २५६ एमबीत हे सगळं बिऱ्हाड मावत नव्हतं.

'केडंपसीटीएल एस्टिमेट' ही कमांड असते, ती आधी चालवली असती तर इशारा मिळाला असता. चालवली नाही, हा दोष माझा. ग्रबी या बूट सेटिंग बदलणाऱ्या कमांडने क्रॅशकर्नल ५१२ एमबी केलं, रीबूट केलं, पुन्हा पाडलं, डंप मिळाला. राखीव मेमरी रोजच्या कामाला मिळत नाही हे खरं, पण ३२ जीबीच्या यंत्रात आणखी २५६ एमबी गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही. २ जीबीच्या आभासी यंत्रात १९२ गेले की मात्र जाणवतं.

१२८ जीबीच्या डेटाबेस सर्व्हरची गोष्ट वेगळी. तिथे मला जागेची काळजी होती. मेकडंपफाइलला 'डी ३१' दिलेलं असतं, त्याने रिकामी पानं, शून्यांची पानं, कॅशे आणि वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमची पानं वगळली जातात, म्हणून १२८ जीबीचा डंप काही १२८ जीबी होत नाही. पण चाचणी आपण सेवा थांबवून करतो. थंड यंत्राचा डंप बघून भर दिवसाच्या डंपचा अंदाज बांधणं म्हणजे उपवासाच्या दिवशी वजन करण्यासारखं. म्हणून इथला डंप एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर पाठवायचं ठरवलं. 'केडंपसीटीएल प्रोपगेट' किल्ली पोचवून देतं, बाकी केडंपच्या कॉन्फ फाइलमध्ये एक-दोन ओळी. पलीकडे फाइल 'व्हीएमकोअर डॉट फ्लॅट' अशी उतरते. ती सपाट स्वरूपात असते, मेकडंपफाइलच्या मोठ्या 'आर'ने नीट मांडून घ्यावी लागते. हे आधी माहीत नसेल तर डंप बिघडलाय असं वाटून तास-दोन तास वाया जातात. माझे गेले.

डंपमध्ये कर्नलची मेमरी असते, म्हणजे किल्ल्या, सांकेतिक शब्दांचे तुकडे, काय वाट्टेल ते. तो ज्या यंत्रावर जातो तिथली परवानगी आवळून ठेवा आणि काम झालं की पुसा.

पुढचे काही महिने शांततेत गेले. मध्ये एकदा कर्नलच्या अपडेटनंतर एका यंत्रावर केडंप नापास दिसलं. प्रत्येक कर्नलसाठी केडंपची वेगळी इनिटरॅमएफएस (बूट होताना मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टिम) बनते आणि ती /बूटमध्ये जाऊन बसते. तिथे जागा संपली होती. जुने कर्नल काढले, झालं. पण यावरून एक शहाणपण आलं की इन्स्टॉलच्या दिवशी केलेली चाचणी त्या दिवसापुरती.

पाचव्या महिन्यात तोच १२८ जीबीचा सर्व्हर अडकला. कोसळला नाही, अडकला. पिंगला उत्तर देत होता, एसएसएच लॉगिन देत नव्हता. कन्सोलवर 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स' अशा ओळी एकामागून एक. मी डंपची वाट बघत बसलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला: पॅनिकच झालेला नाही, तर डंप कुठून येणार? त्या ओळी नुसत्या तक्रारी असतात, मुळात त्यांनी कर्नल पॅनिक होत नाही. 'इको सी' मारायला लॉगिन लागतं आणि लॉगिन तर मिळत नव्हतं. शेवटी पॉवर बटण. चार महिने ज्या चाचणीच्या जोरावर मी छाती काढून फिरत होतो, ती नेमकी या प्रकारासाठी निरुपयोगी होती.

मग एनएमआयचा, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणाऱ्या इशाऱ्याचा, मार्ग धरला. 'अननोन_एनएमआय_पॅनिक' हे कर्नल सेटिंग १ केलं. आता बाहेरून बीएमसीला 'आयपीएमआयटूल चॅसिस पॉवर डायग' म्हटलं की प्रोसेसरला एनएमआय जातो आणि कर्नल पॅनिक होतो, लॉगिन मिळो न मिळो. आभासी यंत्रांना हेच 'व्हर्श इंजेक्ट-एनएमआय' ने करता येतं. सातही यंत्रं पुन्हा पाडली. त्यासाठी गुरुवार निवडला, कारण आमच्या भागात लाइट जायची ती गुरुवारी, त्या दिवशी सर्व्हर बंद असल्याची तक्रार कुणी करत नाही.

तीन आठवड्यांनी तो सर्व्हर पुन्हा अडकला. रात्रीचे पावणेदोन, मी घरून एनएमआय सोडला आणि डंप पलीकडच्या यंत्रावर उतरताना बघितला. सकाळी क्रॅश नावाच्या टूलमध्ये तो उघडायला गेलो तर 'व्हीएमलिनक्स अँड व्हीएमकोअर डू नॉट मॅच'. डीबगइन्फो पॅकेज (कर्नलच्या आतल्या नावांचा नकाशा) नेमक्या त्याच कर्नलचं लागतं, आकडान् आकडा जुळायला हवा, आणि ते चांगलंच अवजड असतं. योग्य ते उतरवलं आणि 'फोरईच यूएन बीटी' मारलं. अडकलेल्या प्रत्येक प्रोसेसचा माग समोर आला: डेटाबेस, लॉग लिहिणारा, एसएसएच, सगळे डिस्कच्या उत्तराची वाट बघत ताटकळलेले, आणि रांगेच्या तोंडाशी रेड कार्डाचा ड्रायव्हर. डंप स्थानिक डिस्कवर घ्यायचा असता तर तो त्याच कार्डातून जाणार होता. एसएसएच मी जागेच्या काळजीने निवडलं होतं, कामाला आलं भलत्याच कारणाने.

कार्डवाल्या कंपनीचा माणूस तोवर "तुमचं केबलिंग तपासा" म्हणत होता. हा माग पाठवल्यावर दोन दिवसांत नवीन फर्मवेअर आलं. त्यानंतर आजवर तो सर्व्हर अडकलेला नाही.

आता कर्नल अपडेट झाला की पुढच्या गुरुवारी निदान दोन यंत्रं पाडतो, एक सिसआरक्यूने, एक एनएमआयने. गेल्या वेळी तोच नवीन मुलगा कन्सोलवर बसला होता. होस्टनेम मोठ्याने वाचलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "सर, पाडू?" म्हटलं, पाड.