रेल्वेचा ‘सोन्याचा’ बाँड घेण्याआधी हे वाचा

माझे सासरे भुसावळला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे न्यू जर्सीत राहायला आले. इथल्या देवळात ओळख झालेल्या एका गोडबोल्या गृहस्थाने त्यांच्या गळ्यात एका अमेरिकन रेल्वे कंपनीचा १९२०च्या दशकातला बाँड मारला, साडेचार हजार डॉलरना. वर इंजिनाचं कोरीव चित्र, खाली न कापलेल्या व्याजाच्या कुपनांची रांग. अण्णा तिथेच विरघळले.

गोची अशी की त्या माणसाचं बोलणं बरंचसं खरं होतं. त्या काळच्या बाँडांत ‘फेड सोन्याच्या नाण्यांत, आजच्या वजनाने आणि कसाने’ असं कलम सर्रास असायचं. सोनं तेव्हा औंसाला २०.६७ डॉलर. “आता आजच्या भावाने हिशेब करा, अण्णा!”

फक्त १९३३ साल त्याने शिताफीने गाळलं. मंदीत हजारो बँका बुडाल्या होत्या, लोक सोनं काढून घरात दडवत होते. मार्चमध्ये सत्तेवर येताच रूझवेल्टनी देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, एप्रिलमध्ये लोकांना सोनं जमा करायचा हुकूम काढला आणि ५ जूनला अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सोन्यात फेडीची कलमंच निकालात काढली. जानेवारी १९३४मध्ये सोन्याचा भाव ३५ डॉलर ठरला. कलम टिकलं असतं तर कर्जदाराला डॉलरमागे १.६९ मोजावे लागले असते. एका बाँडधारकाने बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेकडे २२.५० डॉलरच्या कुपनाचे ३८.१० मागितलेही. फेब्रुवारी १९३५मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला वाटेला लावलं.

१९७७च्या कायद्याने ही कलमं पुन्हा चालू झाली, असंही हा गृहस्थ सांगायचा. झाली, पण त्या ऑक्टोबरनंतरच्या नव्या करारांपुरती!

सोबत ‘तज्ज्ञाचं’ प्रमाणपत्रही होतं. नीट वाचलं तर त्यात कागद अस्सल आहे एवढंच लिहिलंय. अस्सल आहेच हो; जुने कागद जमवणारा एखादा हौशी त्याचे चाळीस-पन्नास डॉलर देईलही.

तक्रार दिली आहे, फोन अर्थातच लागत नाही. कानावर आलंय की हाच माणूस आता १९३४ची एक लाख डॉलरची सोन्याची सर्टिफिकेटं दाखवतो, माजी अध्यक्ष विल्सनचं चित्र असलेली. ती फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या शाखांच्या, आपसातल्या व्यवहारासाठी छापली होती. सामान्य माणसांसाठी ती कधी चलनात आलीच नाहीत.