शुभेच्छापत्रांसाठी स्टॅम्प: तयार सेट, शिक्केवाल्याकडचा शिक्का की स्वतः कोरलेला ठसा?

हाताने शुभेच्छापत्रं करायची ठरवलं की पहिला मोठा खर्च स्टॅम्पचा, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. ऑनलाइन मिळणारा पारदर्शक पॉलिमरचा सेट घ्यावा, लाकडी ठोकळ्यावरचा रबरी स्टॅम्प घ्यावा, की बाजारातल्या शिक्केवाल्याकडून आपलंच चित्र करून घ्यावं? अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही राहणाऱ्याने हे ठरवताना दोन गोष्टी आधी धराव्यात: आपली हवा आणि आपली लिपी.

पॉलिमरचा सेट नवशिक्याला सोपा जातो, यात वाद नाही. अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवला की आरपार दिसतं, त्यामुळे ठसा कुठे उमटणार हे आधीच कळतं. ठोकळा एकच लागतो आणि सगळा सेट एका पाकिटात मावतो. नव्या पॉलिमरवर शाई थेंब-थेंब गोळा होते, म्हणून आधी त्यावरून साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवावं. चिकटपणा गेला तर साबणाच्या पाण्याने धुतल्यावर परत येतो. मात्र उन्हात ठेवला तर पिवळा पडतो आणि कडक होतो.

लाकडी ठोकळ्यावरचा रबरी स्टॅम्प जागा खातो, महाग पडतो आणि ठसा नेमका कुठे बसेल याचा अंदाज घ्यावा लागतो. पण बारीक रेषा तो सुरेख उमटवतो आणि नीट जपला तर वर्षानुवर्षं टिकतो. एकच चित्र दर वर्षी वापरणार असाल तरच हा खर्च करावा.

या दोन्हींची खरी अडचण मजकुराची आहे. तयार सेटमध्ये नाताळचं झाड आणि इंग्रजी शुभेच्छा भरपूर मिळतात. आपल्या धाटणीचं ‘शुभ दीपावली’ किंवा ‘गणपतीला नक्की या’ शोधत बसावं लागतं. म्हणून माझं मत शिक्केवाल्याच्या बाजूने आहे. ग्रामपंचायतीचे आणि दुकानांचे शिक्के करणारा माणूस तालुक्याच्या बाजारात बहुधा असतोच. त्याला पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने काढलेलं चित्र किंवा स्वतःच्या अक्षरातला मजकूर द्यायचा. छटा चालत नाहीत, निव्वळ काळं-पांढरं हवं. अक्षर लहान ठेवू नका. देवनागरीत ‘श्र’ची गाठ, ‘भ’चा पोकळ भाग, रफार, अनुस्वार या जागा शाईने भरून जातात आणि ‘शुभ’चा नुसता डाग होतो. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेपासून नेहमीपेक्षा जरा वर काढला की सुटा उमटतो. शिक्क्याबरोबर येणारं ऑफिसचं जांभळं पॅड मात्र कार्डासाठी घेऊ नका, पाण्याचा थेंब पडला की त्याची शाई पसरते.

आकार साधा असेल, म्हणजे आंब्याचं पान, होडीचं शीड, माशाचा काटा, तर शिक्केवाल्याकडे जायचीही गरज नाही. मोठ्या खोडरबरावर किंवा लिनोच्या (कोरीवकामाच्या मऊ लिनोलियमच्या) तुकड्यावर तो स्वतः कोरता येतो. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने चित्र काढा, कागद उलटा रबरावर ठेवा आणि नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, त्यामुळे ठसा सुलट येतो. मुलं बरोबर बसणार असतील तर आडवी कापलेली भेंडी द्या, फुलाचा सुरेख ठसा मिळतो. कोरलेल्या ठशाला हातकागद फार शोभतो. तयार स्टॅम्पच्या नाजूक रेषा मात्र त्याच्या खडबडीत अंगावर तुटतात.

आता शाई. इथे पावसाचा विचार आधी करावा लागतो, कारण आपली कार्डं करायची घाई आषाढ-श्रावणातच असते. गणपतीला चाकरमानी यायच्या आधी ती त्यांच्या हातात पडायला हवीत. रत्नागिरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवा सतत ओली असते. पिगमेंट शाई कागदावर वरच्यावर बसते, रंग दाट देते, पण उशिरा वाळते. अशा हवेत ती बोटाला लागतच राहते. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर वाळते. उन्हात ती फिकी पडते खरी, पण पाकिटात राहणाऱ्या कार्डाला त्याची भीती कमी. रोजच्या कामाला मी डायच वापरते. पिगमेंट हवीच असेल तर तिच्यावर एम्बॉसिंग पावडर (वितळून उठावदार ठसा देणारी भुकटी) टाकून हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या यंत्राने, वितळवा, म्हणजे वाळायची वाट बघावी लागत नाही. ठसा उमटवण्याआधी कागदावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, नाहीतर दमट कागदाला एम्बॉसिंग पावडर नको तिथे चिकटते. केस वाळवायच्या यंत्राने हे वितळवायचं काम होत नाही. त्याचा वारा पावडर उडवतो आणि उष्णता कमी पडते.

ठशात जलरंग भरायचे असतील तर साधी डाय शाई फुटते, तिथे पाण्यात न विरघळणारी शाईच हवी.

कागदाचं थोडक्यात सांगते. दुकानातली आयव्हरी शीट गुळगुळीत आणि स्वस्त, सरावाला उत्तम. भेट म्हणून द्यायच्या कार्डाला २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घ्या, पातळ कागद आपल्या हवेत उभा राहत नाही. घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबा आणि ती कागदाच्या तंतूंच्या दिशेनेच घ्या, नाहीतर कडेला भेगा पडतात. कोणत्या बाजूने कागद सहज वाकतो ते हाताला कळतं. हा कागद आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीतच आणून, हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आडवा ठेवावा.

टपालाचाही हिशोब बघा. ३०० जीएसएमचा ए-४ कागद अर्धा कापून घडी घातला की कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत बसतं. पाकीट धरूनही ते वीस ग्रॅमच्या खालीच राहतं. मोती, टिकल्या, लाखेची मोहर लावली तर वजन आणि जाडी दोन्ही वाढतात, आणि वाटेत चेपण्याची भीतीही. टपालाने जाणाऱ्या कार्डावर नुसता ठसा ठेवा, मोती हातात द्यायच्या कार्डांना लावा.