अयुथयाची दिवसभराची सहल: गाईड उत्तम, वेळापत्रक सदोष

बँकॉकला जाणाऱ्या बहुतेक मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात पट्टाया असते, सफारी वर्ल्ड असते, चाओ फ्राया नदीवरची रात्रीच्या जेवणाची बोट असते. अयुथया मात्र क्वचितच असते. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेले हे शहर १३५१ पासून १७६७ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, सयामची (आजच्या थायलंडची) राजधानी होते. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांनी वेढलेल्या बेटावर ते वसलेले आहे आणि १९९१ पासून त्याच्या भग्नावशेषांची गणना जागतिक वारसास्थळांत होते. इंग्रजी बोलणाऱ्या परवानाधारक गाईडसह आम्ही तेथे एक दिवसाची सहल केली. या शहराच्या बाबतीत आपण ते कोणाबरोबर आणि कोणत्या क्रमाने पाहतो यावरच पदरात काय पडणार हे ठरत असल्यामुळे, सहलीचे मूल्यमापन थोडे विस्ताराने करणे मला आवश्यक वाटते.

प्रथम व्यवस्थेविषयी. सकाळी हॉटेलवर वेळेवर गाडी आली, गाडी वातानुकूलित आणि स्वच्छ होती, गट लहान होता, सर्व प्रवेशतिकिटे आणि दुपारचे जेवण भाड्यात धरलेले होते आणि पाण्याच्या बाटल्या दिवसभर मिळत राहिल्या. याबाबतीत तक्रारीला जागा नाही.

सहलीची खरी किंमत वसूल होते ती गाईडमुळे. अयुथयाला पोहोचल्यावर पहिल्या दृष्टिक्षेपात दिसतात ते विटांचे चौथरे, छप्पर नसलेले खांब आणि शिर नसलेल्या बुद्धमूर्ती. माहिती नसलेला माणूस अर्ध्या तासात कंटाळून सावली शोधू लागेल. आमच्या गाईडबाईंनी वाट महाथातच्या आवारात आम्हाला लगेच फिरू दिले नाही. (वाट म्हणजे बौद्ध मंदिर किंवा विहार.) एका चौथऱ्याशी उभे करून त्यांनी आधी हे समजावून सांगितले की या शहरातील राजवाडे आणि घरे मुख्यतः लाकडाची होती आणि विटांचे पक्के बांधकाम प्रामुख्याने धार्मिक वास्तूंपुरते होते, त्यामुळे १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने आग लावली तेव्हा माणसांचे शहर जळून गेले आणि देवाधर्माचे तेवढे उरले. त्या उरलेल्या भिंतींवरही एके काळी चुन्याचा गिलावा आणि नक्षी होती, वर लाकडी छपरे होती. पुढे १७८२ मध्ये बँकॉकची उभारणी सुरू झाली, तेव्हा येथल्या विटा काढून नदीमार्गे तिकडे नेण्यात आल्या. एवढे कळल्यावर समोरच्या खांबांच्या रांगांवर आपोआप छप्पर दिसू लागते.

त्यानंतर त्यांनी शिखरांचे दोन प्रकार ओळखायला शिकवले. कणसासारखे निमुळते होत जाणारे, ख्मेर (कंबोडियाच्या) परंपरेतून आलेले ते प्रांग, आणि श्रीलंकेच्या स्तूपाशी नाते सांगणारे घंटेच्या आकाराचे ते चेदी. दिवसभर पुढे जे जे पाहिले ते या दोन शब्दांच्या आधाराने वाचता आले. महाथातचे मुख्य प्रांग १९११ मध्ये कोसळले, त्यामुळे तेथे आता केवळ पाया दिसतो, आणि बहुतेक पर्यटक ज्याच्यासाठी येतात ते वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धाचे मस्तक एका बाजूला आहे. तेथे छायाचित्र काढताना आपले डोके बुद्धाच्या मस्तकापेक्षा उंच राहू नये म्हणून खाली बसावे लागते आणि हा नियम काटेकोरपणे पाळून घेतला जातो. आमच्या गटाला ही गोष्ट गाडीतच सांगितलेली होती, त्यामुळे कोणालाही पहारेकऱ्याचे बोलणे ऐकावे लागले नाही. सर्व मूर्तींची शिरे ब्रह्मी सैन्याने तोडली असा सर्वसाधारण समज असतो. पुराणवस्तूंच्या व्यापारासाठी नंतरच्या काळात झालेल्या चोऱ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यांनी कोणी विचारण्याआधीच स्पष्ट केले. स्वतःच्या देशाविषयी असे नीट सांगणारा गाईड मिळणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

या सगळ्या दिवसात मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते शेजारच्या वाट राचबुराणाने. राजाच्या मृत्यूनंतर दोन थोरले भाऊ गादीसाठी हत्तींवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही त्या द्वंद्वात मरण पावले. गादी तिसऱ्या भावाला, चाओ साम फ्रायाला, मिळाली आणि त्याने १४२४ मध्ये भावांच्या दहनाच्या जागी हे मंदिर उभारले. प्रांगच्या पोटात तळघर आहे. त्यात ठेवलेले सोने पाच शतके कोणाच्या हाती लागले नव्हते. १९५७ मध्ये चोरांनी ते फोडून पुष्कळसे लांबवले. त्यातला काही भाग परत मिळाला आणि मागे राहिलेले पुरातत्त्व खात्याने बाहेर काढले. खड्या अरुंद जिन्याने त्या तळघरात उतरता येते आणि भिंतींवरची फिकट झालेली चित्रे पाहता येतात. आत हवा कोंदट असते आणि जागा अगदी थोडी आहे, परंतु ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी हा जिना चुकवू नये.

येथेच या सहलीचा सर्वांत मोठा दोष लक्षात येतो. त्या तळघरातील सोने, त्यात राजचिन्हांची तलवार आणि रत्नजडित छोटा सोन्याचा हत्ती आहे, जवळच्याच चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे. १९६१ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय त्याच तळघरात सापडलेल्या लहान बुद्धप्रतिमा देणगीदारांना देऊन उभ्या केलेल्या निधीतून बांधले गेले. रिकामे तळघर दाखवायचे, चोरीची हकीकत सांगायची आणि सोने मात्र न दाखवता गाडी पुढे न्यायची, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही. जळून गेलेल्या राजधानीत तिचे वैभव डोळ्यांनी पाहता येईल अशी हीच एक जागा आहे. गाईडबाईंना याची जाणीव होती; कार्यक्रम कंपनी ठरवते, आपल्या हातात नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले.

मग वेळ कोठे गेला? तो बांग पा-इनच्या उन्हाळी राजवाड्यात गेला. हा राजवाडा सतराव्या शतकात राजा प्रासात थाँगने वसवला आणि आजचे त्याचे रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकात राजा चुलालाँगकॉर्नच्या काळातले आहे. तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला थाई पद्धतीचा मंडप, चिनी शैलीतला महाल, कापून हत्तींचे आकार दिलेली झुडपे, हे सारे देखणे आहे. १८८० मध्ये नाव उलटून बुडालेल्या राणी सुनंदाचे संगमरवरी स्मारकही येथे आहे. परंतु सकाळचे गार तास या बागेत घालवून विटांच्या उघड्या अवशेषांत ऐन दुपारी पोहोचायचे, हा क्रम उलटा असायला हवा. बागेत सावली आहे, अवशेषांत नाही.

जुन्या राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा सी सान्फेतचे तीन चेदी हे अयुथयाचे सर्वांत परिचित दृश्य. त्यांत राजा त्रैलोकनाथ आणि त्याचे दोन पुत्र यांच्या अस्थी ठेवलेल्या होत्या. हे राजघराण्याचे मंदिर असल्याने येथे भिक्षू राहत नसत आणि बँकॉकच्या राजवाड्यातील मंदिराची, वाट फ्रा काएवची, कल्पना याच्यावरूनच घेतली गेली. येथे सोन्याने मढवलेली सुमारे १६ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती. एप्रिल १७६७ मध्ये, वर्षाहून अधिक काळ चाललेल्या वेढ्यानंतर, ब्रह्मी सैन्य शहरात शिरले तेव्हा सोने वितळवून काढण्यासाठी त्या मूर्तीला आग लावण्यात आली. हा काळ मराठी वाचकाला परका नाही: पानिपतानंतरची सहा वर्षे उलटली होती आणि पुण्यात माधवराव पेशवे राज्याची घडी पुन्हा बसवत होते. अयुथयाला ती संधी मिळाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सेनापती ताक्सिनने ब्रह्मी सैन्याला हुसकावून लावले खरे, पण राजधानी त्याने नदीच्या मुखाकडे थोनबुरीला हलवली.

शेजारीच फ्रा मोंगखोन बोफितचा विहार आहे. त्यातील ब्राँझची बुद्धमूर्ती थायलंडमधील सर्वांत मोठ्या ब्राँझमूर्तींपैकी एक मानली जाते. ती कित्येक वर्षे मोडक्या छपराखाली होती. आजची इमारत १९५० च्या दशकात उभी राहिली आणि तिच्यासाठी ब्रह्मदेशाच्या पंतप्रधानांनी देणगी दिली होती. ज्यांनी हे शहर जाळले त्यांच्याच देशाकडून आलेली ही देणगी. गाईडबाईंनी ती इतक्या आदराने सांगितली की गटातले सगळेच काही वेळ मूर्तीसमोर बसून राहिले.

दुपारचे जेवण नदीकाठच्या उपाहारगृहात होते. येथल्या मोठ्या गोड्या पाण्यातील कोळंबीची ख्याती आहे आणि मासे खाणाऱ्यांची चंगळ होते. शाकाहारी मंडळींनी मात्र आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि ‘मत्स्यसॉस नको’ हे वेगळे नमूद करावे, कारण भाजीच्या पदार्थातही तो सहज पडतो. ‘जे’ असे म्हटल्यास काटेकोर शाकाहार समजला जातो. त्यात कांदा-लसूणही येत नाही, त्यामुळे तो आपल्या उपवासाच्या नसला तरी जैन जेवणाच्या बराच जवळ जातो. बाहेर रस्त्यावर रोटी साय माय मिळते: पातळ पोळीत म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे तंतू गुंडाळून खायचे. ती अवश्य खावी.

शेवटचे ठिकाण वाट चाइवत्थनाराम. १६३० मध्ये राजा प्रासात थाँगने नदीच्या पश्चिम तीरावर बांधलेल्या या मंदिरात सुमारे ३५ मीटर उंच मध्यवर्ती प्रांग, त्याच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर चार लहान प्रांग आणि भोवती आठ उंच निमुळत्या वास्तू आहेत. रचनेची योजना आजही जशीच्या तशी डोळ्यांत भरते. २०११ च्या महापुरात हा परिसर पाण्याखाली गेला होता. आता येथे भाड्याने घेतलेला पारंपरिक थाई पोशाख घालून तरुण मुलेमुली छायाचित्रे काढताना दिसतात. २०१८ मध्ये गाजलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे ही पद्धत फोफावली. माझ्या मते अयुथयातील सर्वांत सुंदर वास्तू हीच आहे आणि तिला दिवसातला सर्वांत कमी वेळ मिळाला. भोवतालच्या ओवरीतील बसलेल्या मूर्तींपाशी नीट फिरूनही झाले नव्हते तोच परतीची घाई सुरू झाली.

परतीच्या वाटेवर गाडीत गाईडबाईंनी सांगितलेला भाग मात्र ऐकण्यासारखा होता. या बेटाभोवती पोर्तुगीज, जपानी आणि डच व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या, इराणी व्यापारी दरबारात मोठ्या पदांना पोहोचले होते, आणि भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावर खास सयामी रुचीला साजेशा नक्षीचे कापड छापून येथे पाठवले जात असे. डच वखारीच्या जागी लहानसे संग्रहालय आहे. ते पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना दिवसभराची सहल पुरणार नाही. त्यांनी अयुथयात एक रात्र मुक्काम करावा.

काही कंपन्या हत्तीवरची सवारीही कार्यक्रमात जोडतात. आमच्याकडे ती ऐच्छिक होती आणि मी ती घेतली नाही. रखरखीत उन्हात डांबरी रस्त्यावर माणसे वाहून नेणारे हत्ती पाहणेच क्लेशकारक आहे, आणि तो वेळ संग्रहालयाला दिला तर दिवस सार्थकी लागेल.

स्वतःहून जाणेही शक्य आहे. बँकॉकहून रेल्वेने अत्यंत कमी भाड्यात अयुथयाला पोहोचता येते, स्थानकासमोरून होडीने बेटावर जाता येते आणि तेथे सायकली भाड्याने मिळतात. तरुणांना हे आवडेल. तरीही पूर्वतयारी न करता जाणाऱ्याला मी गाईडचीच शिफारस करीन, फक्त आरक्षणापूर्वी कंपनीला काही गोष्टी विचारून घ्याव्यात. चाओ साम फ्राया संग्रहालय कार्यक्रमात आहे का आणि त्या दिवशी ते उघडे आहे का. बांग पा-इन वगळून तो वेळ चाइवत्थनारामला देता येईल का, नसल्यास निदान ते दुपारी ठेवता येईल का. आणि गाईड दिवसभर सोबत असेल की केवळ प्रवेशद्वारापर्यंत. गट स्वतःचा असेल तर असे बदल करून घेणे सोपे जाते. चार-सहा जणांच्या कुटुंबाने वेगळी गाडी घेतलेली बरी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलमधले ऊन ज्येष्ठांना सोसणार नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे, टोपी आणि सहज काढता येणारी पादत्राणे सोबत असावीत, कारण ज्या विहारांत आजही पूजा चालते तेथे ती बाहेर काढावी लागतात आणि दुपारची फरशी चांगलीच तापलेली असते.