१७७५ छापलंय म्हणून कागद १७७५चा नसतो

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आणि जुन्या चित्रांची हौस असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन आणि तो ज्यांच्यातला होता त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासाच्या नावावर इथे बरंच काही विकलं जातं. त्यातल्याच एका चित्रापायी आम्हाला साडेचारशे डॉलरची टोपी घातली गेली.

चित्र प्रसिद्धच आहे. डेलावेअर नदीकाठी शॅकामॅक्सनच्या एल्म वृक्षाखाली पेन आणि लेनापे, म्हणजे इथले मूळ रहिवासी, मैत्रीचा करार करताहेत. हा प्रसंग परंपरेनं १६८२चा मानतात. बेंजामिन वेस्टनं तो १७७१-७२ मध्ये लंडनमध्ये रंगवला. ते तैलचित्र आता इथल्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्सच्या संग्रहात आहे. त्यावरून जॉन हॉलनं तांब्याचा पत्रा कोरला आणि जॉन बॉयडेलनं १७७५ मध्ये त्याच्या छापील प्रती विकायला काढल्या. इतिहास म्हणून चित्र कच्चंच आहे. तेव्हा पेन अडतिशीत होता, चित्रात मात्र पोट सुटलेले वयस्कर गृहस्थ उभे आहेत, अंगात वेस्टच्या काळातल्या क्वेकरांचे कपडे. तरी आम्हाला ते हवं होतं. भारतातून पाहुणे आले की त्याच कराराच्या जागी असलेल्या पेन ट्रीटी पार्कची फेरी ठरलेलीच असते, आणि ते झाड १८१०च्या वादळात पडलं, त्यामुळे तिथे दाखवायला ते मूळ झाड नाही.

विक्रेता ऑनलाइन भेटला. बोलणं मऊ, घाई अजिबात नाही. त्याचं म्हणणं असं की घराणं पिढ्यान्पिढ्या क्वेकर, चित्र आजोबांच्या बैठकीतलं, आणि ‘आमच्यात घासाघीस करत नाहीत’. हे शेवटचं वाक्य फार विचार करून टाकलेलं होतं. जुने क्वेकर दुकानदार खरोखरच एक भाव सांगायचे, लहान मूल आलं तरी तोच. शपथही घ्यायचे नाहीत. एरवी खोटं बोलत असाल तरच शपथेची गरज, असा त्यांचा हिशेब. याच करारावर फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरनं लिहिलंय की शपथेविना झालेला आणि कधीही न मोडलेला हा एकमेव करार. थोडक्यात, तीनशे वर्षांची पत त्या गृहस्थानं आयती उचलून खिशात घातली होती. त्याचा क्वेकरांशी काही संबंध असेल असं मला आता वाटत नाही.

आता त्याच्या युक्त्या. जाहिरातीत माप दिलं होतं ते फक्त फ्रेमचं. हॉलचं मूळ चित्र जवळजवळ दोन फूट रुंद आहे. आमच्याकडे आलं ते जेमतेम फूटभर, बाकी सगळा रुंद माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. छापताना पत्रा कागदावर दाबल्याची खूण जिथे असायला हवी, नेमकी ती कड माउंटखाली झाकलेली. फ्रेमची पाठ तपकिरी कागदानं चिकटवलेली आणि त्यावर सूचना: उघडल्यास किंमत उतरेल. सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र, तेही त्याच्याच सहीचं. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणून चित्राच्या तळाशी वेस्ट, हॉल, बॉयडेल ही नावं आणि १७७५ हा आकडा. वरवर बिनतोड वाटतं. पण चित्राचा फोटो काढून छापलं की नावं आणि सालही त्याच्याबरोबर छापून येतात. तो आकडा पत्रा कधी कोरला ते सांगतो, हातातला कागद कधीचा ते नाही.

पाठ उघडून देणारा जुन्या छापांचा एक व्यापारी शहरात मिळाला. त्यानं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि मला बघायला सांगितलं. कोरीव पत्र्यावरून छापताना शाई खाचांत भरतात आणि ओलसर कागद यंत्रात जोरानं दाबतात, त्यामुळे रेघ सलग येते, टोकाला निमुळती होते आणि कागदावर किंचित उचललेली लागते. आमच्या चित्रात पेनच्या टोपीवर रेघाच नव्हत्या, ओळीनं ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. ही ठिपक्यांची छपाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. मग त्यानं अतिनील दिवा लावला तर कागद निळसर चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं विसाव्या शतकातली. कडेचा पिवळेपणा बहुधा चहाचा. पत्र्याच्या दाबावर एकट्यावर विसंबू नका, असंही तो म्हणाला: अस्सल प्रतीची कडही कधी कापलेली असते आणि नकलेवर खोटा दाब उठवता येतो.

जाता जाता त्यानं एक गोष्ट सांगितली. हे चित्र वेस्टकडून काढून घेतलं विल्यम पेनचा मुलगा थॉमस पेन यानं. याच थॉमसच्या कारभारात १७३७ मध्ये लेनाप्यांकडून ‘दीड दिवसात माणूस चालेल तेवढी’ जमीन घ्यायचं ठरलं, आणि आधीच वाट साफ करून, वेगवान माणसं भाड्यानं आणून, अफाट प्रदेश बळकावला गेला. बापाच्या सचोटीचं चित्र मुलानं रंगवून घेतलं ते त्यानंतर. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

विक्रेत्यानं पैसे ऑनलाइन पेमेंटच्या ‘मित्र-नातेवाईक’ या प्रकारात पाठवायला सुचवलं होतं, कमिशन वाचेल म्हणून. त्या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण नसतं. आम्ही क्रेडिट कार्ड वापरलं, ते निव्वळ पॉइंटच्या मोहानं. तक्रार केल्यावर त्यानं पावती पुढे केली. तिच्यावर नुसतं ‘सजावटीचं चित्र’ लिहिलेलं. मूळ जाहिरात तोवर काढून टाकलेली. बायकोनं खरेदीच्याच दिवशी तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. तो आणि व्यापाऱ्याचं दोन ओळींचं लेखी मत, यावर बँकेनं पैसे परत केले. नुसती पावती असती तर केस उभीच राहिली नसती.

तसंच चित्र आता दुसऱ्या नावानं पुन्हा विक्रीला आहे, फ्रेमसकट. आजोबांच्या जागी आजी आली आहे आणि भाव पाचशेच्या वर गेलाय. फोटोत काचेवर तोच उजेड पडलाय, त्यामुळे ठिपके दिसत नाहीत.