डॅशकॅम: एक उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

वणी-मारेगाव-करंजी रोडवर माझं रोजचं जाणं-येणं. डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावून समोरचा रोड रेकॉर्ड करणारा कॅमेरा, काहून घेतला म्हणाल तर आपल्याकडे एक नियम फिक्स आहे भाऊ, काहीही झालं की चूक मोठ्या गाडीवाल्याची, मग समोरचा डोळे मिटून का आला असेना.

आधी एक स्वस्तातला घेतला होता, नाव नाही लिहीत. आत बॅटरी होती. मे महिना, पारा 45 च्या वर, बाजाराच्या दिवशी गाडी उन्हात, दोन तासांनी येऊन पाहतो तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली अन कॅमेरा काचेवरून सुटून खाली लोळून रायला. म्हणून दिवाळीत सुपर कपॅसिटरवाला (बॅटरीच्या जागी वीज साठवणारा, उन्हाला टिकणारा पार्ट) घेतला, जीपीएस आहे, 4,200 ला पडला, 64 जीबीचं कार्ड वेगळं. हा उन्हाळा त्यानं आरामात काढला. विदर्भात घेत असाल तर बाकी काही नका पाहू, हे पाहा.

दिवसाचं रेकॉर्डिंग झकास. डिसेंबरात मारेगावच्या अलीकडे पांदणीतून एक बाईक आली, ट्रिपल सीट, चालवणाऱ्यानं फोन खांद्यात दाबलेला, इकडे ना तिकडे पाहता सरळ रोडवर. मी ब्रेकवर उभाच राहिलो, तो घाबरून मुरमावर घसरला, माझ्या गाडीला शिवला पण नाही. पाच मिनिटात वीसेक जण गोळा, "हळू नाही चालवता येत का बे", एकानं तर चाबी काढायला हात घातला. मग मोबाईलवर क्लिप लावली, कोपऱ्यात माझा स्पीड, 48. एका म्हाताऱ्या बाबांनी दोनदा पाहिली अन पोराकडे वळून म्हणाले, "तू फोनवर कोनाशी बोलून रायला होता बे?" झालं, पांगले सगळे. पोराचा गुडघा फुटला होता, त्याला दवाखान्यात मीच नेलं म्हणा.

रात्रीचं मात्र रडगाणं आहे. समोरच्यानं अप्पर ठेवला की व्हिडिओत नुसता पांढरा उजेड. कापसाची ट्रॉली, मागे लाईट ना रेडियम, अन बैलबंडीचं तर विचारूच नका, ती आपल्याला दिसते त्याच्यानंतर कॅमेऱ्याला दिसते. एका कोळशाच्या टिप्परनं कट मारून माझा आरसा नेला, क्लिप उघडली तर नंबरच्या जागी पांढरा ठिपका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मधे धोकादायक चालवल्याबद्दल पहिल्यांदा 1,000 ते 5,000 दंड आहे, जेलही होऊ शकते, पण लावता कोणाला, ठिपक्याला?

सेटिंगमधे जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा सेन्सर, एकदम लो ठेवा. नाहीतर आपल्या रोडवरचा प्रत्येक खड्डा त्याला अॅक्सिडेंट वाटतो, तो क्लिप लॉक करत जातो, लॉक झालेली आपोआप पुसली जात नाही, आणि चार दिवसात कार्ड फुल, मग खरं काही झालं की रेकॉर्डिंगच नाही.

आणि माईक बंद करा. ती बाईकवाली क्लिप मी कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकली, ब्रेक मारताना मी काय बोललो ते सासऱ्यांनी पण ऐकलं.