के१२ पेट्रोल इंजिन, १ लाख ४२ हजार किलोमीटरनंतर

गाडी २०१२ ची स्विफ्ट, पेट्रोल. घेतली तेव्हा घरचे, मित्र, शोरूमबाहेरचा चहावाला सगळे म्हणाले डिझेल घे, कारण तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या भावात एवढा फरक होता की पेट्रोल गाडी घेणारा एकतर डॉक्टर असायचा नाहीतर बिनडोक, आणि मी डॉक्टर नाहीये. असो. सीट, स्पीकर, डिकी याबद्दल भरपूर लिहून झालंय लोकांचं, मी फक्त बॉनेटखालचं सांगतो.

माझ्या गाडीतलं के१२ म्हणजे ११९७ सीसी, चार सिलेंडर, १६ वॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणून इंजिन वजनाला हलकं. आधीच्या स्विफ्टमध्ये १२९८ सीसीचं जी१३ होतं, टायमिंग बेल्टवालं (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा). मग २००६ च्या बजेटमध्ये १२०० सीसीच्या आतल्या आणि चार मीटरपेक्षा लहान पेट्रोल गाड्यांना एक्साइज कमी झाली, आणि २००९ ला रिट्झमधून आणि पुढच्या वर्षी स्विफ्टमध्ये हे के१२ आलं, बेल्टच्या जागी चेन घेऊन. सीसी शंभरने कमी झाले तरी पॉवर जवळपास तेवढीच, माझ्या व्हीव्हीटीवाल्या (वॉल्व्ह उघडायची वेळ गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) इंजिनाला ८७ पीएस. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ११४ एनएम, पण तो मिळतो ४००० आरपीएमला, आणि खरी गोम तिथेच आहे. बोअर ७३ मिमी, स्ट्रोक ७१.५, सिलेंडरची रुंदी पिस्टनच्या धावेपेक्षा जास्त, म्हणजे हे इंजिन जास्त आरपीएमला फिरायला आवडणारं आहे, २००० च्या खाली तिसऱ्यात घाट चढायला गेलात तर कुंथतं, एक गिअर खाली टाका आणि ३५०० च्या वर न्या, मग बघा कसं खुलतं ते. डिझेलवरून आलेला माणूस पहिले दोन महिने "पिकअप नाही पिकअप नाही" करतो त्याचं कारण एवढंच.

स्मूथपणाला मात्र तोड नाही. चार सिलेंडरमध्ये क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला, म्हणजे १८० अंशाला, एक सिलेंडर पेटतो, १-३-४-२ या क्रमाने, तीन सिलेंडरमध्ये मधलं अंतर २४० अंश होतं म्हणून ते आयडलिंगला हातापायाला जाणवतं. २०२४ च्या नव्या स्विफ्टला तीन सिलेंडरचं इंजिन आलंय, मायलेज चांगलं असेल, पण सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी बंद पडली की काय म्हणून मीटरकडे बघायची सवय मला या जुन्या इंजिनाने लावलीये ती जाणार नाही.

आता आजार. माझ्या गाडीला जे मोठे झटके बसले त्यात इंजिनाचा दोष जवळजवळ नाहीच, माझा नाहीतर कुणाच्या तरी हातगुणाचा आहे.

पहिला प्रकार वॉशिंगचा. दिवाळीआधी गाडी चकाचक करायची म्हणून वॉशिंग सेंटरवाल्याला बॉनेट उघडून दिलं, त्याने प्रेशर गन थेट इंजिनावर धरली, मी बाजूला उभा राहून फोनवर बोलतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एक सिलेंडर नीट पेटेना, आयडलिंगला अख्खी गाडी थरथरतेय, सायलेन्सरमधून भकभक आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकत होता. हे लक्षात ठेवा, दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजला गेलं तरी चालतं, लुकलुकत असेल तर गाडी ओढत बसू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो भाग या इंजिनाच्या सगळ्या किरकोळ पार्टपेक्षा महाग आहे. स्कॅनर लावला तर कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबर सिलेंडर. इथे मिस्त्रीने जे केलं ते मला फार आवडलं. लगेच नवीन कॉईल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) विकायला काढली नाही, तीन नंबरची कॉईल काढून एक नंबरला बसवली, एकची तीनला, कोड पुसला, गाडी चालू केली. आता कोड आला पी०३०१. मिसिंग कॉईलबरोबर सरकलं म्हणजे गेली ती कॉईलच, प्लग नाही, इंजेक्टर नाही. पाच मिनिटांचं काम. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतंच, ते हवेने उडवलं, एक कॉईल बदलली, विषय संपला.

त्याच खड्ड्यात पाण्याऐवजी ऑइल दिसलं तर समजायचं इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालंय. वयाने होतंच ते, स्वस्तातलं काम आहे, पण त्यावरून कुणी "इंजिन ऑइल खातंय, रिंग-पिस्टन करावं लागेल" म्हणाला तर चावी घेऊन निघा तिथून. ऑइल खाणं म्हणजे सायलेन्सरला निळा धूर आणि डिपस्टिकवर दर महिन्याला लेव्हल खाली. पॅकिंग गळणं वेगळं.

दुसरा किस्सा खंबाटकी घाटाचा, आणि यात चूक शंभर टक्के माझी. कुलंटची बाटली कमी झाली की मी नळाचं पाणी ओतायचो, दोन वर्षं, चक्क. मे महिना, पुण्याहून साताऱ्याला परत, पाच माणसं, एसी फुल, घाटाच्या अर्ध्यात एसीची हवा गरम यायला लागली आणि पाठोपाठ तो कुलंटचा गोडसर वास. गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि पाऊण तास कुणालाही रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही, मेव्हणा "पाणी मार वरून" म्हणत होता त्याला तर नाहीच. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं की हेड गॅस्केट जाणार, हेड उतरवा, घासून सपाट करा म्हणजे फेसिंग, पंधरा-वीस हजाराला राम राम. माझं थर्मोस्टॅटवर, म्हणजे कुलंटची वाट उघडणाऱ्या वॉल्व्हवर, भागलं. काढलेला थर्मोस्टॅट हातात घेतला तर त्यावर गिझरच्या कॉईलवर बसतो तसला पांढरा-तपकिरी थर, अर्धवट उघडून तिथेच अडकलेला. तेव्हापासून तयार मिक्स कुलंटचा कॅन डिकीत असतो.

टायमिंग चेनबद्दल लोक म्हणतात लाइफटाइम आहे. आहे, पण तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, व्हीव्हीटीसुद्धा त्याच ऑइलवर, त्यामुळे १० हजाराचा ऑइल चेंज २० हजारावर नेला की सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खुळखुळ्यासारखा आवाज सुरू होतो. माझ्या गाडीला अजून नाही. बाकी इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी घाण होऊन आयडलिंग वरखाली होणं, इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचं रबर बसून रिव्हर्सला धक्का येणं, हे सगळ्याच गाड्यांना होतं, त्यात विशेष काही नाही.

मायलेज गावात १४, हायवेला १८ च्या आसपास यायचं. पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून एकाने तरी कमी झालंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी असते, त्याला इंजिन काय करणार.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर आज नको म्हणा, उद्या परत येतो म्हणा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे, तो खुळखुळा त्या पहिल्या तीन सेकंदातच ऐकू येतो. मग ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, कॉफीच्या फेसासारखं काही चिकटलेलं असेल तर आत पाणी मिसळत असायची शक्यता आहे, आणि मग मालक कितीही "लेडीज ड्रिव्हन, सिंगल ओनर" म्हणो, चहा प्या आणि निघा.